अनोळखी प्रोग्राम चालवला, आणि मग...

कोठून आला हे ठाऊक नसलेला प्रोग्राम चालवून पाहण्याचा मोह अनेकांना झालेला असेल. तो चालवल्यावर काय घडले, शंका कशी आली आणि पुढे काय निस्तरावे लागले, हे मोकळेपणाने लिहावे. सुरुवात माझ्यापासूनच करतो; इतरांनी आपापले अनुभव त्याखाली जोडावेत.

व्हिडिओ संपादनाचे एक महागडे सॉफ्टवेअर फुकटात वापरता यावे म्हणून मी त्याचे क्रॅक, म्हणजे परवान्याची अट मोडणारा प्रोग्राम, उतरवून घेतले. सोबतच्या सूचनेत ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असे लिहिले होते आणि मी ते निमूटपणे केले. डबल क्लिक केल्यावर एक काळी खिडकी क्षणभर चमकून नाहीशी झाली. फाइल खराब असावी, असे समजून मी विषय सोडून दिला. दोन दिवसांनी माझ्या नावाने इतरांना ईमेल जाऊ लागले. पासवर्ड बदलला, तोही त्याच संगणकावरून, म्हणजे नवा पासवर्डही चोराच्या डोळ्यांदेखत टाकला! शिवाय ब्राउझरमधील लॉगिनच्या कुकीजही (आपण आधीच लॉगिन केले आहे हे संकेतस्थळाला सांगणाऱ्या छोट्या नोंदी) चोरल्या गेल्या असाव्यात, आणि तशा कुकीज हाती असलेल्याला पासवर्ड लागतच नाही. अखेर दुसऱ्या संगणकावरून सर्व ठिकाणचे लॉगिन रद्द केले, पासवर्ड पुन्हा बदलले आणि आपला संगणक फॉरमॅट केला.

*

माझ्या बाबतीत फाइलीच्या नावाशेवटी पीडीएफ दिसत होते आणि चिन्हही तेच होते. विंडोज ओळखीची एक्स्टेंशन, म्हणजे फाइलीचा प्रकार सांगणारी नावाशेवटची अक्षरे, मुळातच लपवते, त्यामुळे त्यामागचे ‘ईएक्सई’, म्हणजे हा प्रोग्राम असल्याची खूण, मला दिसले नाही. २००० साली ‘आय लव्ह यू’ या वर्मने (स्वतःच पसरत जाणाऱ्या घातक प्रोग्रामने) हीच युक्ती वापरली होती, हे वाचलेले असूनही मी फसले.

*

मी स्वतःला सावध समजत होतो, म्हणून संशयास्पद प्रोग्राम व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या वेगळ्या आभासी संगणकात, चालवला. मात्र फाइलींची ने-आण सोपी जावी म्हणून मूळ संगणकावरील एक फोल्डर त्या मशीनला लिहिण्याच्या परवानगीसह जोडून ठेवला होता, याचा मला साफ विसर पडला. तो प्रोग्राम रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा, निघाला आणि त्याने त्या फोल्डरमधील एकूण एक फाइल कुलूपबंद केली. त्यातील बऱ्याचशा परत मिळाल्या, त्या केवळ बॅकअपची डिस्क त्या दिवशी जोडलेली नव्हती म्हणून.

*

‘चालवला, पण काहीच झाले नाही’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. १९८९ मध्ये टपालाने फ्लॉपीवरून पसरवलेला ‘एड्स’ ट्रोजन (उपयोगी असल्याचे भासवणारा घातक प्रोग्राम) संगणक साधारण ९० वेळा सुरू होईपर्यंत गप्प बसत असे, आणि त्यानंतर फाइलींची नावे बदलून पैसे मागत असे. माझ्या संगणकातला मात्र तीनच आठवडे थांबला.