जंबुसरकडच्या शेलमध्ये वायू दिसतो, मग निघत का नाही?

किनारकर:
ओएनजीसीने 2013 च्या अखेरीस भरूच जिल्ह्यात जंबुसरला शेल गॅससाठी (शेल या घट्ट गाळखडकात अडकलेल्या वायूसाठी) विहीर खोदायला घेतली. हा भाग ज्यात येतो त्या खंबात खोऱ्यातला शेल जाड आहे, त्यात सेंद्रिय कार्बन आहे, खोदताना मडमध्ये (विहिरीत फिरवतात त्या चिखलपाण्यात) वायूही दिसतो. तरी आजवर व्यापारी उत्पादन उभं राहिलेलं नाही. अडतं नेमकं कुठे? समुद्र इतका जवळ असताना फ्रॅकसाठी (दाबाने पाणी सोडून खडकाला भेगा पाडण्यासाठी) त्याचंच पाणी का घेऊ नये? आणि हाच किनारा खाली कोकणात येतो, तिथे शोध का घेत नाहीत?

कोअरघर:
मडमधल्या वायूवर जाऊ नका. बिटने, म्हणजे खोदणाऱ्या टोकाने, खडकाचा भुगा केला की आतलं सुटणारच. अखंड खडकातून ते वाहील का, हे त्यावरून कळत नाही.

खरा हिशेब कोअरचा, म्हणजे विहिरीतून अखंड कापून काढलेल्या खडकाच्या दांड्याचा. त्यात तीन आकडे येतात: वर येताना निसटलेला वायू, कॅनिस्टरमध्ये (हवाबंद डब्यात) मोजलेला वायू आणि शेवटी तुकडा दळल्यावर निघालेला शिल्लक वायू. पहिला मोजता येत नाही, काढावा लागतो. सुरुवातीच्या तासांत सुटलेला वायू वेळेच्या वर्गमुळासमोर मांडायचा आणि सरळ रेषा मागे शून्य वेळेपर्यंत न्यायची. घोळ इथेच होतो. दोन-अडीच हजार मीटरवरून सगळे पाइप उपसून कोअर वर आणला तर कित्येक तास जातात. तोवर सरळ रेषेचा भाग संपत आलेला असतो आणि निसटलेल्या वायूचा आकडा निव्वळ अंदाज ठरतो. वायरलाइनने (तारेने) फक्त कोअर असलेली आतली नळी ओढली तर हा वेळ बराच वाचतो. मात्र शेवटचे काहीशे मीटर सावकाश ओढा, नाहीतर आतला वायू फुगून कोअरच्या चकत्या होतात.

वर आल्यावर कोअर धुत बसू नका. फडक्याने मड पुसा, साधारण 30 सें.मी.चा तुकडा कॅनिस्टरमध्ये घाला, उरलेली जागा हेलियमने भरा. हवा राहिली तर तिच्यातला ऑक्सिजन खडकाशी संयोग पावतो आणि वायू कमी भरतो. कॅनिस्टर थराच्याच तापमानाला ठेवायचा. खंबात खोरं गरम आहे. थर 100 अंशांच्या वर असेल तर पाण्याची टाकी चालत नाही, ओव्हन लागतो. कोअर तळापासून कधी सुटला, वर कधी आला, झाकण कधी लागलं, या तीन वेळा मिनिटासकट लिहा. एक जरी राहिली तरी पुढचं गणित डळमळतं.

खडकवही:
वरचं सगळं पटलं, पण कोअर चोख हाताळला तरी दोन गोष्टी आड येतात.

एक, जमिनीतल्या उष्णतेने शेल किती शिजलाय. व्हिट्रिनाइटचं (शेलमधल्या वनस्पतिजन्य कणांचं) परावर्तन साधारण 0.6 ते 1.1 टक्के असेल तर तो तेल देतो. कोरड्या वायूसाठी 1.3 च्या पुढे जावं लागतं. खंबातचा शेल कडेच्या उथळ भागात कच्चा आहे, वायूपर्यंत शिजलेला भाग खोल द्रोणीत आहे. म्हणजे विहीर खोल आणि खर्च दांडगा. रॉक-इव्हॅल (नमुना तापवून त्यातलं तेल-वायू मोजायची चाचणी) करताना तेलाधारित मड वापरलाय का ते आधी विचारा. त्यातलं तेल नमुन्यात राहिलं की एस-1, म्हणजे खडकातल्या मोकळ्या तेल-वायूचा आकडा, फुगतो आणि कच्चा खडक श्रीमंत दिसतो.

दोन, चिकणमाती. हे दुखणं मला जास्त मोठं वाटतं. क्वार्ट्झ किंवा कार्बोनेट भरपूर असेल तर खडक काचेसारखा तडकतो. चिकणमातीची खनिजं 40 टक्क्यांच्या वर गेली की तो मळलेल्या कणकेसारखा दबतो: भेग पडते, पण आधाराला सोडलेली वाळू भिंतीत रुतते आणि भेग मिटते. पहिल्या आठवड्यात जोर दिसतो, मग उतरण लागते.

साठ्याचे आकडेही जपून घ्या. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने 2013 मध्ये भारतासाठी काढता येण्याजोगा शेल वायू 96 लाख कोटी घनफूट धरला, त्यात खंबातचा वाटा 30 लाख कोटी. त्याच देशाच्या भूगर्भ सर्वेक्षणाने 2011 च्या मूल्यमापनात मुंबई, कावेरी आणि कृष्णा-गोदावरी प्रांतांना मिळून 6.1 लाख कोटी घनफूट दिला. दोघांची व्याप्ती आणि पद्धत वेगळी आहे, पण विहिरींची माहिती तुटपुंजी असली की आकडे असे फाकतात.

किनारकर:
चिकणमातीचं कळलं. पाण्याचं काय?

मडकर:
एका आडव्या विहिरीच्या फ्रॅकला साधारण एक ते दोन कोटी लिटर लागतं. खारेपणा स्वतः अडचण नाही. उलट चिकणमाती फुगू नये म्हणून गोड्या पाण्यातही 2 ते 3 टक्के पोटॅशियम क्लोराइड घालतात. अडचण सल्फेटची. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला सुमारे 2,700 मि.ग्रॅ. असतं. थरातल्या पाण्यात बेरियम असेल तर बेरियम सल्फेटची खपली धरते आणि ती हायड्रोक्लोरिक आम्लातही विरघळत नाही. म्हणून आधी थरातलं पाणी तपासा, दोन्ही पाणी थराच्या तापमानाला मिसळून 24 तास ठेवा, गढुळलं तर नॅनो-गाळणीने सल्फेट काढा.

किनाऱ्यावर आणखी एक फसगत. खारं पाणी लागलं की गोडं संपलं असं समजून सरफेस केसिंग (वरच्या थरांतलं गोडं पाणी जपणारा पोलादी पाइप) थांबवतात. पण खाऱ्या थराखाली पुन्हा गोडा थर असू शकतो. केसिंगची खोली विद्युत-रोध लॉग (खोलीनुसार खडकाच्या विद्युत-रोधाची नोंद) बघूनच ठरवा आणि सिमेंट पृष्ठभागापर्यंत परत आलंय याची खात्री करा.

कोकणाचं उत्तर सोपं आहे. खंबातमध्ये डेक्कन ट्रॅप (लाव्हापासून बनलेला काळा खडक) तळाशी आहे आणि शेल त्यावर साचलाय. कोकणात तोच ट्रॅप माथ्यावर उघडा पडलाय, त्यावर शेल साचलेलाच नाही. तो प्रकार शोधायचा तर किनाऱ्यावर नाही, समुद्रात जावं लागेल.