भरीत खाल्ल्यापासून शेरू गळून गेलाय, लघवी लाल होतेय

तापीकाठ
रविवारी बामणोदकडे मळ्यात भरीत पार्टी होती. उरलेलं भरीत शेरूपुढे ओतलं. गावठी कुत्रा, १२ किलोचा. पातेलं चाटून लख्ख केलं त्यानं. दोन दिवस बरा होता. आज बुधवार, भाकरी हुंगतही नाही, चार पावलं चालला की बसतो. सकाळी कपाशीच्या कडेला मुतला, तर लघवी कोऱ्या चहासारखी. मिरचीनं उष्णता झाली का? ताक पाजू?

रावेरची ताई
भाऊ, मिरची नाही, कांद्याची पात आणि लसूण. ताकात वेळ घालवू नका. आधी त्याचा ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात. पांढुरक्या किंवा पिवळट असतील तर आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या.

कांद्या-लसणातल्या गंधकाच्या घटकांनी कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. लगेच दिसत नाही, दोन-चार दिवसांनी दिसतं, म्हणून आपल्याला भरीत आठवतही नाही. किलोमागे १५ ग्रॅम कांदा पुरतो. शेरूला १८० ग्रॅम, म्हणजे दोन मध्यम कांदे. लसूण त्याहून जहाल. भाजून, तळून, वाळवूनही विष जात नाही.

आमच्या मोतीला मी रोज काळ्या मसाल्याच्या रश्श्यात भाकरी कुस्करून द्यायची. मसाल्यात भाजलेला कांदा, वाटणातही कांदा. कावीळ म्हणून आठवडाभर औषध चाललं. काय खाऊ घालता, हे कुणी विचारलंच नाही. मोती गेली. म्हणून सांगते, डॉक्टरना पहिलं वाक्य भरिताचं सांगा.

तापीकाठ
हिरड्या भाकरीच्या पिठासारख्या आहेत ताई. गाडी काढली, भुसावळला निघालो.

धुळे_वाडी
मिठाचं पाणी पाजून ओकवायला जाऊ नका कुणी, मीठच बाधतं. आणि तीन दिवसांनी पोटात उरतंय काय? द्राक्षं-बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होतात, तेव्हा प्रसादाचा शिराही देऊ नका. चॉकलेट नको, शिजवलेली मटणाची हाडंही नकोत, फुटून आतड्यात रुततात.

तापीकाठ
हिमोग्लोबिन ६ आलं, १२ च्या वर पाहिजे म्हणे. यावर उतारा नाही. सलाईन लावलंय, अजून उतरलं तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवणार. भावाचा कुत्रा बोलावून ठेवलाय. ताई, घरी आला की काय देऊ?

रावेरची ताई
डॉक्टर खायला द्या म्हणाले की साधी भाकरी, उकडलेलं अंडं, थोडी शिजवलेली कलेजी. फोडणी नको. नवीन रक्त भरायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर मळ्यात पळवू नका. हिरड्या रोज बघा आणि इथे कळवत राहा.