मदत हवी आहे: नववी-दहावीच्या मुलांना धंद्यातली जोखीम आणि सांख्यिकी कशी शिकवावी? (नाशिक)

जमाखर्च

नमस्कार मंडळी,

मी अंबडला एका लहान कारखान्याचे हिशेब बघते, पेशाने शिक्षिका नाही. निफाड तालुक्यातल्या एका शाळेने नववी-दहावीच्या मुलांसाठी शनिवारचा एक तास माझ्याकडे सोपवला आहे. विषय: धंद्यासाठी आकडेवारी आणि जोखीम. परीक्षा नाही, पुस्तक नाही, त्यामुळे मोकळीक भरपूर आणि पंचाईतही तेवढीच.

दहावीच्या बीजगणितात अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी हे धडे पाठोपाठ येतात, पण त्यांची एकमेकांशी ओळख नसावी असे लिहिले आहेत. एकात जीएसटी आणि शेअर, दुसऱ्यात फासे नि पत्ते, तिसऱ्यात वारंवारता सारणी. मुलं मध्य, मध्यक, बहुलक बिनचूक काढतात. पण "सरासरी २०० पतंग खपतात, तर दुकानदाराने किती भरावेत?" असं विचारलं की वर्ग एका सुरात म्हणतो, २००!

म्हणून एक खेळ केला. येवल्यातलं दुकान, संक्रांतीचा हंगाम. पतंग ६ रुपयांना पडतो, १० ला विकायचा, संक्रांत गेल्यावर उरलेला माल २ रुपयांनी जातो. डब्यात दहा चिठ्ठ्या: तिनांवर मागणी १००, चारांवर २००, तिनांवर ३००. माल किती भरायचा ते गटाने आधी फळ्यावर लिहायचं, मग मी चिठ्ठी काढणार.

एका गटाने ३०० भरले आणि चिठ्ठीही ३०० ची निघाली. १२०० रुपये नफा! तो गट हुशार ठरला, २०० वाले भित्रे ठरले. पुढच्या खेपेला झाडून सगळ्यांनी ३०० भरले, चिठ्ठी निघाली १०० ची, प्रत्येकाला ४०० चा फटका. त्यावर मागच्या बाकावरून आवाज: "नशीबच फुटकं, मॅडम." जिंकलं तर अक्कल, हरलं तर नशीब. मोठ्यांचंही हेच असतं म्हणा, पण निर्णय चांगला असूनही तोटा होऊ शकतो आणि वाईट निर्णयालाही फळ मिळू शकतं, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या गळी कसं उतरवायचं?

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. निम्म्या वर्गाच्या घरी द्राक्ष नाहीतर कांदा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली ती ४ मे २०२४ ला खुली झाली. त्या काळातलं घरातलं बोलणं या मुलांच्या चांगलं लक्षात आहे. जोखीम त्यांनी माझ्यापेक्षा जवळून पाहिली आहे. हीच उदाहरणं घ्यावीशी वाटतात आणि घ्यायला हात धजत नाही. कुणाच्या घरी सोसायटीचं कर्ज थकलेलं असणार. त्या पोरापुढे मी 'अपेक्षित नफा' मांडत बसू?

आणि एक शेवटचं, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) शिकवावं का? ते अकरावीत येतं. त्याशिवाय चढउतार कसा सांगायचा ते मला सुचत नाही.

अनुभवी लोकांनी लिहावं. "ॲप वापरा" एवढंच उत्तर नको, शाळेत वीज शनिवारी हमखास जाते.

फळ्यावरचा खडू

ताई, खेळ उत्तम आहे, फक्त टाळ्या चुकीच्या जागी पडतायत. गुण निर्णयाला द्या, नफ्याला नको. चिठ्ठी काढण्याआधी प्रत्येक गटाने कागदावर लिहून द्यायचं: तिन्ही प्रकारच्या चिठ्ठ्यांत आपलं काय होईल, वाईटात वाईट किती जाईल, ते झेपेल का, आणि तरीही हाच आकडा का. चिठ्ठी निघाल्यावर त्या कागदात खाडाखोड नाही. दहापैकी दहा गुण त्या कागदाला. तोटा झालेल्या गटाला एकदा पैकीच्या पैकी गुण द्या, वर्गात जो गोंधळ होईल तोच तुमचा धडा.

दुसरं, एका चिठ्ठीवर थांबू नका. प्रत्येक गटाने एकच आकडा धरून तीस संक्रांती खेळायच्या, दर वेळी चिठ्ठी परत डब्यात. (मुलं परत टाकायला विसरतात, मग सगळा हिशेबच बदलतो. लक्ष ठेवा.) तुमच्या आकड्यांनी मी करून पाहिलं. १०० भरले तर दरवर्षी ४०० नक्की. २०० भरले तर दहातल्या तीन वेळा शून्य, सात वेळा ८००, सरासरी ५६०. ३०० भरले तर उणे ४००, ४०० किंवा १२००, आणि सरासरी पुन्हा ४०० च! म्हणजे १०० वाला आणि ३०० वाला सरासरीत अगदी बरोबरीत. इथे थांबा आणि विचारा: ३०० पतंगांना १८०० रुपये लागतात, ते घरचे आहेत की उसने? वर्गाचं उत्तर लगेच बदलतं.

मग खरी गंमत. चिठ्ठ्या त्याच ठेवा, फक्त खरेदी ८ रुपये करा. आता १०० भरण्यात सर्वांत जास्त सरासरी नफा, २०० रुपये. २०० भरले तर १६०, आणि ३०० भरणारा सरासरी २०० रुपये घालवतो. खरेदी ४ केली तर उलट, ३०० वाला १००० वर जातो, २०० वाला ९६० वर राहतो. सरासरी मागणी तिन्ही वेळा २०० च आहे. किती भरायचे हे मागणीपेक्षा एक पतंग कमी पडला तर काय बुडतं आणि एक उरला तर काय बुडतं यावर ठरतं. "सरासरी म्हणून २००" म्हणणाऱ्या वर्गाला एवढं पुरे.

शेअरखेळ्या

एवढं पतंगपुराण कशाला? थेट शेअर बाजार शिकवा, ऑप्शन दाखवा. जोखीम म्हणजे काय ते आठवड्यात कळेल आणि मुलांना रसही वाटेल.

जमाखर्च

रस वाटेल याचीच भीती आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. तरी मोबाइलवर स्टेटस मात्र फक्त नफ्याचे दिसतात, कारण तोटेवाला स्टेटस ठेवत नाही. हा एवढा मुद्दा मी नक्की घेणार. बाकी नको.

आकडेमोडे

निवृत्त सांख्यिकी अधिकारी. प्रमाण विचलनाबद्दल बोलतो: नववी-दहावीला अजिबात नको. फरकांचे वर्ग करून वर्गमूळ काढण्यात तास संपेल आणि हाती एक आकडा राहील ज्याचा दुकानदाराला अर्थ लागत नाही. शिवाय त्या आकड्याला भाव चढला काय नि पडला काय, दोन्ही सारखंच. विकणाऱ्याला पडण्याचीच चिंता असते. त्यापेक्षा भाव चढत्या क्रमाने लिहायला लावा, विस्तार (सर्वांत मोठा उणे सर्वांत लहान) बघा आणि खालची चौथाई कुठे संपते ते बघा. 'चारातल्या एका दिवशी भाव याच्याही खाली होता' हे वाक्य मुलाला घरी जाऊन सांगता येतं.

आकडे कुठून? राज्य पणन मंडळाच्या संकेतस्थळावर लासलगाव, पिंपळगाव बसवंत सगळ्यांची रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण असे तीन दर मिळतात. महिन्याभराचे छापून न्या, वीज गेली तर गेली. यातला सर्वसाधारण दर म्हणजे ज्या दराने जास्तीत जास्त माल गेला तो, म्हणजेच पुस्तकातला बहुलक. खरी सरासरी त्या तक्त्यात नसतेच. बहुलक कुठे लागतो असं विचारणाऱ्या मुलाला हा तक्ता द्या.

एक सूचना मात्र कळकळीची. निर्यातबंदीला चिठ्ठ्या करू नका. फ्रँक नाइट या अर्थशास्त्रज्ञाने १९२१ मध्येच फरक करून ठेवला आहे: जिची शक्यता मोजता येते ती जोखीम, जिची मोजताच येत नाही ती अनिश्चितता. पतंगाचा डबा पहिल्या प्रकारचा. दिल्लीतला निर्णय दुसऱ्या प्रकारचा, त्याला 'दहात दोन' लिहिणं म्हणजे आकड्याचा मुलामा. तसंच कांद्याचा भाव फाशासारखा स्वतंत्रही नसतो. यंदा भाव मिळाला की पुढच्या वर्षी सगळेच लावतात आणि भाव पडतो. 'दोन वर्षं पडला, आता चढणारच' हे नाण्याच्या बाबतीत चूक आहे आणि कांद्याच्या बाबतीत वेगळ्या कारणाने कधी कधी बरोबर येतं. हा फरक दहावीच्या मुलांना झेपतो, मी झेपलेला पाहिलाय.

काळीमाती

ताई, द्राक्षवाला बोलतोय. उदाहरण टाळू नका, पण कुणाला घरचे आकडे विचारू नका. बाजार समितीचे आकडे सगळ्यांचे असतात, त्यात कुणाची अब्रू जात नाही. तुम्ही पतंगच चालू ठेवा, मुलं आपोआप बागेवर येतील. ती स्वतः आली तर बोला, तुम्ही ओढून आणू नका.

आणि आम्ही जोखीम 'नशीब' म्हणून सोडून देतो असं समजू नका. बागलाणात अर्ली बाग धरतात, म्हणजे पावसाळ्यातच छाटणी. माल लवकर निघतो, भाव चांगला, पण फुलोऱ्यात पाऊस झाला तर डाऊनी (केवडा रोग) आणि काढणीला झाला तर मणी तडकतात. आम्ही इकडे ऑक्टोबरला छाटतो, भाव कमी, धोका कमी. त्यातही सगळे प्लॉट एकाच आठवड्यात छाटत नाही, पुढेमागे करतो. एका पावसात सगळा फुलोरा सापडू नये म्हणून. कांद्याचंही तेच, उन्हाळ कांदा सगळा चाळीत भरून कुणी श्रावणाची वाट बघत नाही, थोडा आत्ता, थोडा मागाहून. चाळीत वजन घटतं, सडही होते, त्यामुळे भाव वाढला तरी पैसे वाढतीलच असं नाही. तुमच्या वर्गातल्या पोरांना हे माहीत आहे. याला गणितात काय म्हणतात तेवढंच माहीत नाही.

विमावाला

विम्याचा खेळही करा. चाळीस मुलं, प्रत्येकाचं एक दुकान, दर वर्षी लाखाचं नुकसान होण्याची शक्यता विसात एक. प्रत्येकाने ६००० रुपये वर्गणी द्यायची, जमले २ लाख ४० हजार. प्रत्येकाने स्वतःची चिठ्ठी काढायची. सरासरीने दोन दुकानं बुडतात, पैसे पुरतात. तरी साधारण तिनातल्या एका वर्षी तीन किंवा जास्त बुडतील आणि फंड कमी पडेल. राखीव निधी कशाला लागतो ते इथे कळतं. आता नियम बदला: सगळ्या वर्गासाठी एकच चिठ्ठी. एकोणीस वर्षं काहीच नाही आणि एका वर्षी ४० लाखांची मागणी. गारपीट अशी असते, गावच्या गाव झोपवते. म्हणून पीकविम्याला एक तालुका पुरत नाही, जिल्हे पसरावे लागतात.

२०१६ पासूनच्या पंतप्रधान पीक विमा योजनेत शेतकऱ्याचा मूळ हिस्सा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड, बागायती-नगदी पिकाला ५ टक्के. फळबागेला हवामानावर आधारित विमा असतो, तिथे भरपाई महसूल मंडळातल्या (काही गावांच्या गटातल्या) हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. पाऊस तुमच्या बागेत पडला आणि केंद्रावर नाही, तर नुकसान होऊनही पैसे नाहीत. 'विमा काढला म्हणजे जोखीम संपली' असं वर्गात निघू देऊ नका.

आकडेमोडे

यावरून आठवलं. कांद्यासारख्या पिकाची भरपाई मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर, ते पीक कापणी प्रयोगातून, म्हणजे शेतातल्या ठरावीक तुकड्यातलं पीक कापून, तोलून काढतात. १९४० च्या दशकात हा तुकडा केवढा घ्यावा यावरच महालनोबिस आणि आपले पांडुरंग सुखात्मे (सातारा जिल्ह्यातल्या बुधचे) या संख्याशास्त्रज्ञांत वाद झाला होता. महालनोबिसांचा कल लहान तुकड्यांकडे. सुखात्मे म्हणत, लहान तुकड्यात कडेवरची रोपं आत धरली जातात आणि उत्पन्न फुगतं. मैदानात करून बघा: एक लहान रिंग, एक मोठी, आतली गवताची झुडपं मोजा आणि प्रति चौरस मीटर आकडा काढा. कडेवरचं झुडूप आत की बाहेर यावर मुलं भांडतील. भांडू द्या. भरपाई त्याच कडेवर ठरते.

जमाखर्च

सगळ्यांचे आभार. प्रमाण विचलन रद्द. या शनिवारी कारण लिहायचा कागद आणि तीस संक्रांती, पुढे ८ रुपयांचा पतंग. विम्याचा खेळ दोन तासांत विभागेन, पहिल्यात फक्त स्वतंत्र चिठ्ठ्या. काळीमातीदादा, एका तासाला याल का? छाटणी पुढेमागे का करता तेवढंच सांगायचं, उत्पन्नाचं कुणी विचारणार नाही.

काळीमाती

येतो की. छाटणी उरकली की दिवाळीनंतरचा कुठलाही शनिवार धरा. फक्त आदल्या रात्री फोन करा, आभाळ भरून आलं तर मी फवारणीला असेन.