फ्रिजची वही: सुरक्षा की सोपस्कार?

खलबत्ता
औषध दुकानांच्या दर्जाच्या धाग्यावर 'मुद्द्याचं_बोला' यांनी ठणकावलंय, "फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा वहीत उतरवणं हा तपासणीसापुरता सोपस्कार. चुका काउंटरवर होतात, फ्रिजमध्ये नाही." डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा.

इन्सुलिनला 2 ते 8 अंश लागतात. सगळे उष्णतेला घाबरतात, पण गोठण्यानेही तितकाच घात होतो. घरगुती फ्रिजमध्ये खोकी मागच्या भिंतीला किंवा बर्फाच्या कप्प्याला टेकली की रात्रीतून पारा शून्याखाली जाऊ शकतो. सकाळी वितळलेली बाटली कित्येकदा नेहमीसारखीच दिसते. पेशंटची साखर उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवतात. पुढची बाटली चांगली निघाली की त्याच वाढीव डोसाने साखर धाडकन खाली. फ्रिजचा संशय कुणालाच येत नाही.

मुद्द्याचं_बोला
मीच तो. कुठलीही वही उघडा: महिनाभर सकाळी 5, संध्याकाळी 5, एकाच पेनाने, एका बैठकीत. इतका शिस्तीचा फ्रिज असतो? आणि सकाळी दहाचा आकडा रात्री तीनबद्दल काय सांगणार?

त्यापेक्षा सुट्या गोळ्या देताना स्ट्रिपवर चालणाऱ्या कात्रीबद्दल बोला. मुदत आणि बॅच नंबर बहुतेक स्ट्रिपच्या एकाच टोकाला. कापाकापीत ते टोक आधी गेलं की उरलेल्या गोळ्या अनाथ.

खलबत्ता
म्हणूनच कमाल-किमान थर्मामीटर, म्हणजे मागच्या रीसेटपासूनचा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त पारा धरून ठेवणारं. किमान, कमाल आणि आत्ताचं, असे तीन आकडे लिहायचे आणि मग रीसेट दाबायचं. नाही दाबलं तर गेल्या महिन्यातलाच आकडा दिसत राहतो. सेन्सर औषधांच्या मधोमध, दारात नाही. खोट्या वहीचा दोष वहीला कशाला?

चिमटा
कात्रीला +1. गोळी बसते त्या खळग्यावरूनच कात्री गेली तर फॉइल फाटतं, दमट हवा शिरते. अ‍ॅस्पिरिनला व्हिनेगरचा वास येतो तो त्यातूनच. पूर्ण स्ट्रिपच द्यावी, विषय संपला.

साठा_आणि_मुदत
संपला कसा? कोर्स सहा गोळ्यांचा, स्ट्रिप दहाची. उरलेल्या चार घरच्या डब्यात जातात आणि पुढच्या तापाला कुणीतरी स्वतःच डॉक्टर होतं. प्रतिजैविक असेल तर बघायलाच नको. टोकाकडून नव्हे, उलट बाजूने कापा, म्हणजे मुदत दुकानात शेवटच्या गोळीपर्यंत राहील. दिलेल्या तुकड्याच्या पाकिटावर नाव, ताकद, बॅच, मुदत. अर्ध्या मिनिटाचं काम.

चिमटा
आणि पाकीट पहिल्या दिवशी कचऱ्यात! हातात उरतो चार खळग्यांचा मुका तुकडा. मेथोट्रेक्सेटची गोळी संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच. त्या तुकड्यावर ते कुठे लिहिलंय? रोज घेतली तर तोंडात फोड, पांढऱ्या पेशी घसरतात, माणूस दगावतो. पण तुम्हाला अर्धं मिनिट महत्त्वाचं.

साठा_आणि_मुदत
अहो, मेथोट्रेक्सेट सुटं द्या असं म्हटलंय कोण? ते अख्ख्या खोक्यातच जावं, घ्यायचा वार खोक्यावर लिहून आणि पेशंटकडून वदवून घेऊन. एका औषधाचं उदाहरण सगळ्या कपाटाला लावू नका. खरा उपाय कारखान्यात आहे: प्रत्येक खळग्यामागे नाव, ताकद, मुदत छापा. मग कापा हवं तसं.

चिमटा
हे मान्य. छापेपर्यंत मात्र कात्री खाली ठेवा.

खलबत्ता
धागा फ्रिजचा होता, आठवतंय का कुणाला?

मुद्द्याचं_बोला
बरं बाबा, तुमचं रीसेटचं बटण मान्य. वही नव्हे, बटण! आता सांगा, किमान उणे 1 दिसलं तर पुढे काय? वहीत आकड्याचा रकाना असतो, 'काय केलं' याचा नसतो. आकडा लिहून तीच बाटली विकली तर वही ठेवून काय मिळवलं?

खलबत्ता
माल वेगळ्या डब्यात, वर 'विकू नये' चिठ्ठी. डबा 2 ते 8 मध्येच ठेवायचा, बाहेर काढून आणखी बिघडवायचा नाही. तापमान किती वेळ घसरलं होतं ते कंपनीला कळवून विचारायचं. गोठल्याची शंका असेल तर इन्सुलिन बादच. तो रकाना बऱ्याच वह्यांत नसतो, हे मात्र खरं.

मुद्द्याचं_बोला
एवढं कबूल करायला अख्खा धागा लागला.

चिमटा
आणि खळग्यांचं?

खलबत्ता
त्याला तुम्ही वेगळा धागा काढा. इथे कात्री बंद.