शिकागोच्या मेयरला महापौर म्हणावं का?

पाटीपेन्सिल
शिकागोला मुलांकडे राहायला येणाऱ्या आईवडिलांसाठी मराठी माहितीपत्रक करतेय. कचऱ्याचा डबा फुटला, रस्त्यावरचा दिवा गेला, घरपट्टीचं बिल कळत नाही, तर कुणाला विचारायचं, एवढंच. मी लिहिलं: मेयर = महापौर, अल्डरपर्सन = नगरसेवक, शेरीफ = नगरपाल. दादरच्या मामांना तपासायला दिलं, त्यांनी तिन्हींवर काट मारली. म्हणे, "महापौर फिती कापतो. तुमचा तो गडी शहर चालवतो." मग लिहू काय?

कर्वेनगरकर
मामांचं बरोबर आहे. मुंबईत १८८८ च्या कायद्याने कारभार आयुक्तांच्या हाती, आणि आयुक्त राज्य सरकारने धाडलेले. 'मेयर' ही पदवीसुद्धा १९३१ ची, तोवर नुसते अध्यक्ष होते. शिकागोत असा शहर चालवणारा आयुक्त हा प्रकारच नाही. मेयर थेट लोकांतून चार वर्षांसाठी येतो, बजेट तोच मांडतो. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नसली तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. २०२३ मध्ये ब्रँडन जॉन्सन असेच दुसऱ्या फेरीत आले. थेट निवडून येतो ना? मग नगराध्यक्ष म्हणा.

निशिगंध
सत्तावीस लाख वस्तीच्या शहराला नगराध्यक्ष? काहीतरीच काय. महापौर रुळलेला शब्द आहे, लंडनच्याही मेयरला आपली वर्तमानपत्रं महापौरच म्हणतात.

वाऱ्याचं गाव
शिकागोतच राहतो म्हणून लिहितो. गंमत अशी की इथे कागदावर कौन्सिल, म्हणजे अल्डरपर्सनांची सभा, बळकट आणि मेयर दुबळा आहे. प्रत्यक्षात थोरले डेली १९५५ ते १९७६ मेयर होते, पदावर असतानाच वारले. धाकटे, म्हणजे त्यांचे चिरंजीव, १९८९ ते २०११. त्यांना दुबळं म्हणायची कुणाची छाती होती!
नगरसेवक मात्र खुशाल लिहा. ५० वॉर्ड, ५० जण. वॉर्डातलं झोनिंग, म्हणजे कुठल्या जागेत काय बांधायचं ते, त्यांच्या होकाराशिवाय सहसा हलत नाही, आणि हा लेखी नियम नाही, नुसता रिवाज. शिवाय प्रत्येकाला दरवर्षी ठरावीक रक्कम मिळते, 'मेन्यू मनी'. खरंच दरपत्रक असतं: एक गल्ली डांबरी करायला इतके, एका दिव्याला इतके, स्पीडब्रेकरला इतके. बसायचं आणि निवडायचं.

भाऊ दादरकर
अल्डरमन म्हणजे मुळात 'वडीलधारा माणूस'. तेव्हा नगरपिता! २०२१ साली इलिनॉय राज्याने कायद्यातच अल्डरपर्सन केलं, पण मूळ ते मूळ. आणि मेयर आला लॅटिन 'मायोर'वरून, अर्थ 'अधिक मोठा'. आपला 'महत्' त्याच घराण्यातला. ताम्रपटांत गावोगावचे 'महत्तर' सापडतात. मेयरला महत्तर म्हणा, धातूसकट जुळतं. म्हात्रेही त्यातलेच, असं माझं मत.

कर्वेनगरकर
भाऊ, त्या आजोबांना कचऱ्याचा डबा हवाय, ताम्रपट नव्हे. आणि नगरपिता मोठ्या मुश्किलीने हद्दपार केलाय. नगरमाता म्हणायची वेळ आली की सगळ्यांची पंचाईत व्हायची.

पाटीपेन्सिल
शेरीफचं कुणी सांगेल का?

वाऱ्याचं गाव
ताई, नगरपाल मुळीच नको. मुंबईचे नगरपाल मानद. इथला शेरीफ निवडून येतो, तुरुंग चालवतो, कोर्टाचा हुकूम घेऊन भाडेकरूला बाहेरही काढतो. आणि तो शहराचा नव्हेच, कुक काउंटीचा, म्हणजे शिकागो आणि आसपासची गावं मिळून जो मोठा विभाग होतो त्याचा. घरपट्टीही काउंटीकडे: असेसर किंमत ठरवतो, ट्रेझरर बिल पाठवतो, दोघांनाही निवडणूक लढवावी लागते. बागा पार्क डिस्ट्रिक्टच्या, सांडपाण्याचं मंडळ तिसरंच, त्याचेही कमिशनर मतपत्रिकेवर. गाडीवर लावायचा शहराच्या कराचा स्टिकर सिटी क्लार्ककडे, आणि तोही निवडून आलेला. त्याला कृपा करून कारकून लिहू नका.

निशिगंध
काउंटीला जिल्हा चालेल की.

भाऊ दादरकर
जिल्हा म्हटलं की कलेक्टर आला. परगणा म्हणा.

निशिगंध
परगणा फारशी आहे. मंडल म्हणा हवं तर.

कर्वेनगरकर
जिल्हा तरी कुठला संस्कृत? काउंटीला काउंटीच म्हणा. टेबलाचं कुणी मराठी केलंय?

भाऊ दादरकर
परकं म्हणून शब्द टाकायचा तर निम्मी बखर फाडावी लागेल. परगण्याचा मोठा फायदा ऐका. देशमुख, देशपांडे हे परगण्याचेच वतनदार, आणि दप्तर देशपांड्यांकडे. म्हणजे तुमचा काउंटी असेसर कोण? देशपांडे! इतकं चपखल दुसरं काही सापडणार नाही.

वाऱ्याचं गाव
आमच्या ओळखीचे देशपांडे शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहतात. तिथला बराचसा भाग ड्युपेज काउंटीत येतो, कुकमध्ये नाही. आणि तिथे मेयरही आहे, वर कारभार चालवायला कौन्सिलने नेमलेला सिटी मॅनेजरही.

कर्वेनगरकर
म्हणजे आयुक्त!

निशिगंध
आयुक्त कसा? त्याला सरकारने कुठे धाडलाय?