त्यांना थर जुळवायला बोलवा

ताई, तुम्ही घातलेले टाके तुमच्या माघारी सासूबाई उसवतात आणि स्वतःचे घालतात, हे वाचून वाईट वाटलं. पहिली गोधडी आहे, टाके वाकडे येणारच, आणि ते तसेच राहायला हवेत. हात त्यावरच बसतो.

त्यांच्या बाजूने एवढंच म्हणेन की गावाकडे गोधडी चौघी मिळून, चार बाजूंनी बसून शिवायच्या. दुसरीच्या कामात हात घालणं त्यांना आगाऊपणा वाटत नसेल. पण उसवणं निराळं, ते थांबायलाच हवं. स्पष्ट सांगा, "आई, ही मला एकटीने पुरी करायची आहे. चुकलं तर तुम्हालाच विचारेन." शिवाय एकीचा दोरा घट्ट, दुसरीचा सैल, असं झालं की कापड चुण्या धरतं आणि मध्ये फुगा येतो. हे कारण त्यांना लगेच पटेल.

गोधडीचे थर अंथरून ताणायला आणि ते सरकू नयेत म्हणून कच्चे, म्हणजे तात्पुरते, टाके घालायला मात्र त्यांना जरूर बोलवा, ते एकटीने नीट करणं अवघड जातं. मग धावदोरा पूर्ण तुमचा. आणि एखादं जुनं मऊ लुगडं त्यांना वेगळं द्या, दुपटं शिवतील.