मदत हवी आहे: प्रकाशाच्या वेगाला अनिश्चितता का नाही?

नमस्कार मंडळी, एका ठिकाणी अडलोय. भौतिकशास्त्रवाल्यांनी जरा हात द्यावा.

निर्वातात प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. पुढे अधिक-उणे काहीच नाही! मोजमाप म्हटलं की थोडीफार अनिश्चितता चिकटतेच, मग हीच राशी कशी सुटली? शोधाशोध केल्यावर कळलं की १९७२ साली लेसर वापरून हा वेग २९,९७,९२,४५६.२ आला होता, अधिक-उणे १.१. आणि १९८३ मध्ये आजचा आकडा चक्क ठरवून टाकला. म्हणजे तो मीटरभराचा घोळ ठराव करून मिटवला, की दुसरीकडे कुठे जाऊन बसला? आज कोणी प्रयोगशाळेत हा वेग मोजायला घेतला तर तो नक्की काय मोजतो?

गणित चालेल, पण बेताचं.

प्रतिसाद १

दुसरीकडेच बसला. मीटरमध्ये.

१९६० पासून मीटर ठरायचा क्रिप्टॉन-८६ या वायूच्या नारिंगी प्रकाशावरून: १६,५०,७६३.७३ तरंगलांब्या म्हणजे एक मीटर. पण ती वर्णरेषा जरा पसरट, म्हणजे तरंगलांबी अगदी एकच नाही, अब्जात चारेक भागांपेक्षा बारीक पकडता येईना. तुमच्या त्या १.१ ला तीस कोटींनी भागून बघा, जवळपास तेवढंच येतं. लेसर झकास होता, पट्टीच तोकडी पडत होती. म्हणून उलटं केलं. वेग पक्का धरला आणि त्यावरून मीटर काढला. आज वेग 'मोजणारा' खरं तर स्वतःची पट्टी तपासत असतो.

प्रतिसाद २

किलोचंही २०१९ मध्ये हेच झालं. पॅरिसजवळचा प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल तोवर व्याख्येनेच बरोब्बर १ किलो होता, अनिश्चितता प्लांकच्या स्थिरांकात (पुंजभौतिकीतली एक मूलभूत राशी, तिच्या एककात किलो येतो). आता स्थिरांक पक्का, आणि बिचारा दंडगोल १ किलो अधिक-उणे १० मायक्रोग्रॅम.

धागाकर्ता

भारीच! पण मग प्रकाशाचा वेग उद्या खरंच बदलला तर कळणार कसं? पट्टीही सोबतच बदलेल ना?

प्रतिसाद १

म्हणूनच एकक नसलेल्या राशींवर नजर ठेवतात. उदा. सूक्ष्मरचना स्थिरांक, म्हणजे विद्युतचुंबकीय बल किती जोरदार ते सांगणारा आकडा, साधारण १/१३७. त्याच्या सूत्रात प्रकाशाचा वेग आहे, पण मीटर, किलो, सेकंद सगळे कटून जातात, त्यामुळे व्याख्या काहीही करा, आकडा तोच. वेगवेगळ्या अणूंची घड्याळं एकमेकांशी वर्षानुवर्षं ताडून तो सरकतोय का ते बघतात. अजून तरी सरकलेला दिसलेला नाही.